स्कीमातून फॉर्म की हाताने बांधलेला? माझं नॉमिनेशनपाशी ठरलं

मुलुंडमधल्या आमच्या सोसायटीचे कागदी अर्ज वेबवर आणताना मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या. जेसन स्कीमाच्या वाटेने फील्ड आणि नियम डेटा म्हणून लिहायचे, फॉर्म लायब्ररी उभा करते. दुसऱ्या, हाताने बांधायच्या वाटेवरची रिॲक्ट हुक फॉर्म ही लायब्ररी मात्र पडद्यावर काहीच काढत नाही. भरलेली माहिती, चुका आणि सबमिट तेवढं सांभाळते. चौकटी, लेबलं, मांडणी सगळी तुमची.

स्कीमाचं सुख खरं आहे. पार्किंगच्या अर्जात इलेक्ट्रिक गाडीचा प्रश्न वाढवायचा होता, तर डेटाबेसमधली स्कीमा बदलली आणि नवा कोड सर्व्हरवर न चढवता (डिप्लॉय न करता) काम झालं. तीच स्कीमा सर्व्हरवरही तपासणी करते.

अडलं नॉमिनेशनपाशी. नॉमिनी एकाहून जास्त असू शकतात, त्यांच्या वाट्यांची बेरीज १०० टक्के व्हायला हवी, आणि कुणी अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचा असेल तर पालकाचं नावही लागतं. हे 'असेल तर' मी स्कीमातल्या वनऑफने लिहिलं, म्हणजे दिलेल्या शाखांपैकी नेमकी एकच जुळायला हवी: एक शाखा सज्ञानाची, एक अज्ञानाची. सेक्रेटरी काकांनी मोबाइलवर नातीचं नाव भरलं, पालकाची चौकट राहून गेली. सबमिट केल्यावर फॉर्मच्या माथ्यावर इंग्रजी ओळींचा ढीग. त्यातल्या एकीचा तर नातीशी संबंधच नव्हता, ती सज्ञान शाखेची तक्रार होती. शेवटी 'मस्ट मॅच एक्झॅक्टली वन स्कीमा इन वनऑफ'. काकांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "अरे, पण मी भरायचं काय राहिलंय?" ती रिकामी चौकट बरीच खाली होती.

वनऑफ फसलं की भरणाऱ्याला कोणती शाखा अभिप्रेत होती हे तपासणी करणाऱ्या व्हॅलिडेटरला कळत नाही, म्हणून तो सगळ्याच शाखांच्या तक्रारी पुढे करतो. वनऑफऐवजी इफ-देन ('अट असेल तर हे') वापरून, संदेश मराठीत बदलून हे बरंच निस्तरता येतं, मी निस्तरलंही. मग बेरजेचा नियम आला. यादीतल्या आकड्यांची बेरीज तपासणारा कीवर्डच जेसन स्कीमात नाही, तेव्हा तो कोडमध्ये लिहावा लागला. नियम एका फाइलीत, दिसण्याच्या सूचना दुसरीत, अपवाद तिसरीत. तिथे माझं मन उडालं.

हुक फॉर्मसोबत मी झॉड ही माहिती तपासणारी लायब्ररी वापरतो. स्वतःचा नियम लिहायच्या तिच्या रिफाइनमध्ये नियमाबरोबर पाथ (फील्डचा पत्ता) देता येतो, म्हणजे चूक कोणत्या चौकटीखाली दिसावी हे मी ठरवतो. सबमिट अडलं की पहिल्या चुकलेल्या फील्डवर फोकसही आपोआप जातो. शिवाय प्रत्येक अक्षराला फॉर्म पुन्हा रेंडर होत नाही, म्हणजे नव्याने काढला जात नाही. काकांच्या जुन्या फोनवर मराठी टायपिंग मला तरी मोकळं वाटलं.

फुकट काही नाही. चाळीस फील्ड म्हणजे चाळीसही हाताने मांडायची. नॉमिनींसारख्या वाढत्या-घटत्या ओळी सांभाळणाऱ्या, हुक फॉर्मच्या यूजफील्डॲरेत प्रत्येक ओळीची ओळख ('की') म्हणून तिचा क्रमांक (इंडेक्स) दिलात तर मधला नॉमिनी काढल्यावर खालच्या ओळी गोंधळतात. फील्डची स्वतःची आयडी द्यायची. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

फॉर्म पुष्कळ, साधे आणि ऑफिसातली माणसंच बदलणार असतील, तर स्कीमा घ्या. आमचा पार्किंगचा अर्ज अजून तिच्यावरच आहे. पण एका उत्तरावर दुसरा प्रश्न अवलंबून असेल आणि भरणारा एकटा फोन घेऊन बसणार असेल, तर तो एक फॉर्म आधी हुक फॉर्ममध्ये बांधून बघा. नॉमिनेशन मी तिकडे हलवलंय. पालकाच्या चौकटीखाली आता एकच ओळ येते: 'नॉमिनी १८ वर्षांखालील आहे, पालकाचं नाव लिहा.'