द पेंग्विन आणि डेअरडेव्हिल: आधी कोणती, आणि गृहपाठ किती?

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढला की दुपारी घराबाहेर पडायची सोय राहत नाही. कूलरसमोर बसून आठ-नऊ भागांची मालिका उरकायला हाच काळ बरा. सुपरहिरोंच्या दुनियेतलं, पण जरा मोठ्यांसाठीचं काही बघायचं म्हटलं की चाहते दोन नावं सुचवतात: ‘द पेंग्विन’ (२०२४, ८ भाग) आणि ‘डेअरडेव्हिल: बॉर्न अगेन’चा पहिला सीझन (२०२५, ९ भाग). दोन्हींत एक गुंड शहर ताब्यात घ्यायला निघालाय. पण एकीला तयारी जवळपास लागत नाही, दुसरीला तीस भागांची लागते.

आधी ‘पेंग्विन’ बघा. ती २०२२च्या ‘द बॅटमॅन’नंतर साधारण आठवड्याने सुरू होते. सिनेमा पावणेतीन तासांच्या वर आहे, तो टाळला तरी चालतं. दोन गोष्टी ठाऊक असल्या म्हणजे झालं: रिडलर नावाच्या खलनायकाने समुद्राची भिंत उडवल्यामुळे गॉथम या बॅटमॅनच्या शहराचा सखल भाग पाण्याखाली गेलाय, आणि शहरातल्या गुन्हेगारीचा म्होरक्या कार्माइन फाल्कोने याचा खून झालाय. त्याच्या रिकाम्या गादीवर डोळा ठेवून बसलेला ऑझ कॉब म्हणजेच पेंग्विन. मेकअपच्या थराखाली कॉलिन फॅरेल ओळखूही येत नाही. बॅटमॅन स्वतः आठही भागांत एकदाही येत नाही आणि त्याची उणीवही भासत नाही, कारण पटकथेने त्याच्या नावावर उधारी केलेली नाही.

चौथा भाग चुकवू नका. त्यात ऑझ बाजूला पडतो आणि कार्माइनची मुलगी सोफिया अर्कम मनोरुग्णालयात कशी पोहोचली, हे कळतं. क्रिस्टिन मिलिओटीला या भूमिकेसाठी २०२५चा एमी पुरस्कार मिळाला आणि तो तिने याच भागात कमावलाय. तिच्याकडे आतापर्यंत वेडी खुनी म्हणून बघणारा प्रेक्षक इथे तिच्या बाजूने उभा राहतो, आणि पुढचे चार भाग दोघांपैकी कोणाचं भलं चिंतावं हे ठरवता येत नाही. मालिकेचं खरं बळ इथे आहे. मधले एक-दोन डावपेच ऑझला फार सहज जमतात, तेवढं खटकतं. शेवटचा भाग मात्र सगळे हिशेब चुकते करतो. लहान मुलांना सोबत बसवू नका.

आता ‘बॉर्न अगेन’. ही २०१५ ते २०१८मधल्या नेटफ्लिक्सच्या मालिकेचं पुढचं पान आहे. ‘बॉर्न अगेन’ थेट लावली तर पहिल्या पंधरा मिनिटांतल्या धक्क्याचं काहीच वाटणार नाही, कारण फॉगी आणि कॅरन ही माणसं मॅट मर्डॉकची (दिवसा वकील, रात्री मुखवट्यातला डेअरडेव्हिल) कोण, हे मालिका नव्याने सांगत बसत नाही. जुन्या मालिकेचे तिन्ही सीझन मिळून ३९ भाग होतात, पण सगळे बघायची गरज नाही. पहिला सीझन पूर्ण, दुसऱ्याचे पहिले चार भाग (पनिशर हा बंदूक घेऊन गुंडांना मारत सुटलेला माणूस तिथे येतो), मग तिसरा सीझन पूर्ण: ३० भाग, अंदाजे २५ तास. बुल्सआय हा अचूक नेमाचा खलनायक तिसऱ्यात घडतो, त्यामुळे तो सोडूच नका. मार्व्हलची ‘हॉकआय’ ही मालिका गाळली तरी चालेल. ‘एको’ मालिकेचा शेवटचा, श्रेयनामावलीच्या मधला तुकडा तेवढा बघा, कारण विल्सन फिस्क या गुंडाच्या, म्हणजे मॅटच्या जुन्या वैऱ्याच्या, डोक्यात महापौरपद तिथे शिरतं.

एवढ्या तयारीनंतर हाती काय लागतं? महापौर झालेला फिस्क. व्हिन्सेंट डोनोफ्रिओ (फिस्क) आणि चार्ली कॉक्स (मॅट) पहिल्या भागात समोरासमोर बसून बोलतात तो प्रसंग कोणत्याही मारामारीपेक्षा भारी आहे. कायदा गुंडाच्याच हातात गेल्यावर वकिलाने काय करायचं, हा प्रश्न मालिका मन लावून विचारते. मधे मात्र शिवण उसवलेली दिसते. त्याचं कारण निर्मितीत आहे. २०२३मध्ये बरंच चित्रीकरण झाल्यावर मार्व्हलने मुख्य लेखक बदलले आणि पहिला, आठवा व नववा हे भाग नव्याने उभे केले. म्हणून पहिल्या भागात उतरवलेला पोशाख मॅट थेट सहाव्यात चढवतो, पाचवा भाग म्हणजे बँक दरोड्याची स्वतंत्र गोष्ट होऊन बसते, आणि म्यूज नावाच्या खुन्याचा धागा, जो दोन-तीन भाग तरी खेळवायला हवा होता, सातव्यात घाईने गुंडाळला जातो. शेवटचे दोन भाग पुन्हा जोर धरतात, पण गाठ सुटत नाही. ती पुढच्या सीझनवर ढकलली आहे.

एका मालिकेसाठी आधीच्या इतक्या गोष्टी बघाव्या लागाव्यात का, यावर धुळे-जळगावकडच्या चाहत्यांत दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, दुवे जुळवण्यातच मजा आहे. दुसऱ्याचं, आणि माझंही, म्हणणं: ती मजा खरी आहे, पण ती वरकड असावी. सारंगखेड्याच्या यात्रेत रात्री उभा राहिलेला वग पहाटेच्या आत तडीला जातो. उरलेलं पुढच्या यात्रेत बघा, असं फड सांगत नाही. खान्देशाच्या वेशीवर, मालेगावात शेख नासिर यांनी आपला सुपरमॅन उभा केला (त्या खटपटीवर फैझा अहमद खान यांचा २००८चा माहितीपट आहे), तोही आधीचं काही न बघता कळतो. आणि मार्व्हललाही हे जमतं. ‘लोकी’चे दोन सीझन, बारा भाग: २०१९च्या ‘अव्हेंजर्स: एंडगेम’ सिनेमात तो टेसरॅक्ट नावाचा शक्तिमान घन घेऊन निसटला एवढं माहीत असलं की पुरे. त्याची गोष्ट मालिकेतच सुरू होते आणि मालिकेतच पूर्ण होते.

बघण्याच्या सोयीचं थोडं. ‘पेंग्विन’चे आठ भाग म्हणजे साधारण आठ तास. मोबाइलवर कमी दर्जा ठेवला तर तासाला अर्धा ते पाऊण जीबी जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीत दोन भाग बसतात. टीव्हीवर फुल एचडीला तासाला दोन ते तीन जीबी धरा. त्यासाठी घरचं वाय-फायच बरं, आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर लाईट गेली की भाग अर्ध्यावर अडकतो. दोन्ही मालिका अंधारात चित्रित केल्यासारख्या आहेत. भर दुपारी खिडकीसमोर टीव्ही असेल तर पडदा ओढा आणि टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर सगळं सिरीयलसारखं गुळगुळीत दिसतं. फिस्क घशातल्या घशात बोलतो आणि कूलरच्या घरघरीत त्याची निम्मी वाक्यं बुडतात. सबटायटल चालू ठेवा किंवा इयरफोन लावा.