पायलट ग्राउंड क्लास, कॉलेज रोड: शिकवणं एक नंबर, पगाराची माहिती अर्धीच

मुलाला पायलट व्हायचंय म्हणून कॉलेज रोडच्या एका सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) ग्राउंड क्लासला, म्हणजे लेखी विषयांच्या क्लासला घातलंय, नाव लिहीत नाही, पण नाशिकमधे अजून बरेच पालक चौकशी करतायत म्हणून सविस्तर सांगते.

शिकवण्याबद्दल तक्रारच नाही. मेटिऑरॉलॉजीचे (हवामानशास्त्राचे) सर तर जबरदस्त, द्राक्षाच्या सीझनला ओझरकडे पहाटे धुकं का पडतं ते त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं, आभाळ मोकळं, वारा पडलेला, जमीन रात्रभर गार होत जाते आणि तिच्यालगतच्या हवेतला ओलावा दाटतो, पोरगं घरी येऊन आजीला समजावत बसलं होतं. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) पेपरला पासिंगच 70 टक्के आहे, तिथे पाठांतरावर भागत नाही.

प्रॉब्लेम आहे कौन्सेलिंगचा. स्लाइडवर पगार दाखवतात तो कॅप्टनचा! नवीन मुलाला पहिल्या वर्षी काय मिळणार विचारलं की उत्तर एकच, "मॅडम, पायलटची शॉर्टेज आहे." अहो, 2023 मधे एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली हे खरंय, पण ती विमानं येणार वर्षानुवर्षं, आणि सीपीएल मिळतं 200 तासांच्या फ्लाइंगवर, कॅप्टन व्हायला एटीपीएल (त्याच्या वरचं लायसन्स) लागतं त्याला 1500 तास. म्हणजे कमी पडतात ते मुख्यतः अनुभवी लोक, नुकतं लायसन्स घेतलेली मुलं रांगेत असतात. मे 2023 मधे गो फर्स्ट ही एअरलाइन बंद पडली तेव्हा एअरबस उडवलेले कितीतरी को-पायलट एकदम बाजारात आले, मग फ्रेशरला कोण आधी विचारणार?

आणि खर्च लायसन्सवर संपत नाही हो. फ्लाइंगचे 50 लाखांच्या वर जातात, त्यावर एअरबस 320 किंवा बोइंग 737 चं टाइप रेटिंग (ते ठराविक विमान उडवायचं ट्रेनिंग), त्याचे बहुतेक वेळा वेगळे लाखो रुपये. नोकरी लागली तरी सिम्युलेटर, मग लाइन ट्रेनिंग (प्रवासी विमानावर देखरेखीखाली), त्यातून रिलीज होईपर्यंत हातात कमीच येतं, आणि नंतरही पगाराचा मोठा भाग उडवलेल्या तासांवर. कोविडमधे विमानं जमिनीवर होती तेव्हा काय हाल झाले ते आठवा. बँकेचा मोरेटोरियम (हप्ते पुढे ढकलायची सवलत) मात्र ठरल्या तारखेला संपतो. जमीन गहाण ठेवून लोन काढणाऱ्या आईबापांना हे पहिल्याच मीटिंगला सांगायला नको का?

मेडिकलचंही तसंच, आधी फी, मग मेडिकल असं त्यांचं चालतं. उलट करा. क्लास 2 मेडिकल आणि लगेच पायलटसाठीचं क्लास 1 मेडिकल करून घ्या, डोळ्यात किंवा ईसीजीत काही निघालं तर निदान पैसे तरी वाचतील. आम्ही हट्टाने तसंच केलं आणि क्लासने ऐकलंही, नाही म्हणाले नाहीत.

शिकवण्याला 5 पैकी साडेचार, कौन्सेलिंगला 2. ट्रेनी फर्स्ट ऑफिसरच्या (नव्या को-पायलटच्या) पगाराची स्लाइड टाकली की रेटिंग बदलेन.