मासेमारीच्या रॉडच्या टोकाला रंग की ग्लो स्टिक?

मासा आमिषाला टोचला की रॉडचे टोक हलते; ती हालचाल दिसायला दिवसा रंगच बरा. टोकाचे शेवटचे 15-20 सेंटीमीटर 600 नंबरच्या पॉलिश पेपरने हलके घासा, आधी पांढरा हात द्या, मगच फ्लोरोसंट नारिंगी. थेट काळ्या कार्बनच्या रॉडवर दिला तर नारिंगी मळकट दिसतो. हात पातळच हवा; जाड थर टोक वाकताच तडकतो. दोरी ज्यातून जाते त्या रिंगच्या आत थेंबही जाऊ देऊ नका, त्यावर घासून दोरी खरवडली जाते. खर्च एकदाच.

अंधारात मात्र हा रंग टॉर्चशिवाय दिसत नाही. तिथे ग्लो स्टिक, म्हणजे रसायनाने चमकणारी छोटी प्लास्टिकची कांडी: वाकवून आतली काचनळी फोडा, हलवा, वरच्या रिंगखाली दोरीच्या उलट बाजूला पारदर्शक टेपने बांधा. दर रात्री नवी लागते. शिवाय नाजूक टोकावर तिच्या वजनाने माशाची बारीक टोचणी कळतच नाही.

तेव्हा दिवसा, लहान माशांसाठी रंग. रात्री, जाड टोकाच्या रॉडला ग्लो स्टिक.