नागरी सहकारी बँकेत स्क्रम: मार्चअखेर आणि ऑडिट पार पडल्यानंतरचा अनुभव

आमची मध्यम आकाराची नागरी सहकारी बँक आहे. कोअर बँकिंग (खाती आणि व्यवहार सांभाळणारी मुख्य प्रणाली) बाहेरच्या कंपनीचं, पण त्याच्या भोवतीची सोनेतारण, कर्ज अर्ज, वसुलीची सॉफ्टवेअर आम्ही आयटी विभागातच बनवतो. ऑक्टोबरपासून हे काम स्क्रम पद्धतीने, म्हणजे दोन-दोन आठवड्यांच्या टप्प्यांत (स्प्रिंटमध्ये) चालू आहे. स्क्रम ही अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर थोडंथोडं बनवत आणि दाखवत जाण्याच्या पद्धतींपैकी एक. अशा संस्थांतले बरेच जण 'अजाइल आपल्याकडे चालेल का' असं विचारतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

चालतं. पण पहिल्या स्प्रिंटच्या आधी काय ठरवून घेता, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

स्क्रमचे नियम सांगणाऱ्या स्क्रम गाइडची 2020 ची आवृत्ती फुकट मिळते, पंधरा पानंसुद्धा नाहीत. त्यात प्रॉडक्ट ओनर (कामांचा क्रम ठरवणारी) ही एकच व्यक्ती असावी, समिती नसावी, आणि तिचे निर्णय सगळ्या संस्थेने मानावेत असं स्पष्ट लिहिलंय. सहकारातल्या माणसाला इथे थांबावंच लागतं. आमच्याकडे कर्ज समिती, वसुली समिती, आयटी समिती, वर संचालक मंडळ. त्यात शाखांचे फोन वेगळे. कुठलं काम आधी घ्यायचं हे कुणा एकाच्या हातात कधीच नव्हतं.

आमच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी यावर सहकारातलाच उपाय काढला: ठराव. सोनेतारण कर्जाच्या नव्या प्रणालीपुरता कामाचा क्रम कर्ज विभागप्रमुख मॅडम ठरवतील, समित्यांनी आणि संचालकांनी सूचना त्यांच्याकडेच द्याव्यात, मंडळ दर तिमाहीला उद्दिष्टाचा आढावा घेईल. एवढंच, पण ते मंडळाच्या इतिवृत्तात आलं. आता एखाद्या संचालकांनी थेट आमच्या डेव्हलपरला 'तेवढा एक रिपोर्ट दे' म्हटलं, तर तो निर्धास्तपणे सांगतो, "साहेब, मॅडमना सांगा, यादी त्यांच्याकडे असते." प्रशिक्षणावर खर्च करायच्या आधी हा ठराव करून घ्या, असं मी कुणालाही सांगेन. प्रॉडक्ट ओनर आयटीचा नसून कर्ज विभागाचा आहे, हेही तितकंच महत्त्वाचं. तारण, व्याज, मुदत, नूतनीकरण यांतलं काय आधी हवं, हे मॅडम झोपेतून उठवलं तरी सांगतील.

दुसरी गोष्ट उद्दिष्टाची. 'सोनेतारण मॉड्यूल विकसित करणे' असं लिहिलं असतं तर काहीही त्यात बसलं असतं. आम्ही लिहिलं: ग्राहक शाखेत असतानाच सोनेतारण कर्ज मंजूर होऊन रक्कम त्याच्या खात्यावर जमा व्हावी. या एका वाक्यामुळे बॅकलॉगमधली (करायच्या कामांच्या यादीतली) बरीच कामं आपोआप खाली गेली.

तिसरी, 'डन' कशाला म्हणायचं. 2001 च्या अजाइल जाहीरनाम्यात भल्यामोठ्या दस्तऐवजांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर महत्त्वाचं मानलंय. त्यावरून कागदपत्रं नकोतच असा अर्थ लोक काढतात. त्याच जाहीरनाम्यात उजव्या बाजूच्या, म्हणजे दस्तऐवजांसारख्या दुय्यम ठरवलेल्या गोष्टींनाही मोल आहे असं म्हटलंय, ते वाचायचं राहून जातं. बँकेत कागद सोडून चालतच नाही. म्हणून मेकर-चेकर (एकाने नोंदवायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं), ऑडिट लॉग (कुणी कधी काय बदललं याची नोंद), शाखेसाठीच्या परिपत्रकाचा मसुदा आणि एका शाखेत प्रत्यक्ष चाचणी, एवढं झाल्याशिवाय काम पूर्ण धरायचं नाही असं पहिल्याच आठवड्यात ठरलं. ऑडिटरनी बदलांच्या नोंदी मागितल्या तेव्हा शोधाशोध करावी लागली नाही.

या पद्धतीचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे स्प्रिंट रिव्ह्यू, स्प्रिंटच्या शेवटी झालेलं काम दाखवून मतं घ्यायची बैठक. सुरुवातीच्याच एका रिव्ह्यूला आम्ही बाजारपेठेतल्या शाखेच्या अधिकाऱ्यांना बोलावलं. स्क्रीनवर दागिन्याचं वजन टाकायला एकच चौकट होती. त्यांनी मूल्यांकनाचा कागद खिशातून काढून टेबलावर ठेवला. त्यावर दागिनावार ग्रॉस वजन, खडे-मणी वजा जाता नेट वजन, कॅरेट, आणि खाली सराफाची सही. कर्जाची रक्कम निघते नेट वजनावर. शिवाय एका पिशवीत चार-पाच दागिने असतात आणि ग्राहक मुदतीआधी त्यातला एखादा सोडवायला येतो, ते कुठे नोंदवायचं? पुढच्या स्प्रिंटमध्ये दागिनावार नोंदी आल्या. जुन्या पद्धतीत हीच गोष्ट सगळं तयार झाल्यावर शाखांनी बोंब मारल्यानंतर कळली असती.

आता खटकणाऱ्या गोष्टी. स्टोरी पॉइंट (काम किती मोठं याचा अंदाजी आकडा) गाइडमध्ये कुठेच नाहीत, तरी जिथे जावं तिथे तेच शिकवतात. वरच्या लोकांना आकडा दिसला की 'मागच्या वेळपेक्षा कमी का' सुरू होतं. आम्ही ते बंद केलं. काम दोन-तीन दिवसांत उरकण्याएवढं लहान करतो आणि अशी किती कामं झाली ते मोजतो. डेलीमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) 'काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय' हा पाढा म्हणत बसू नका. 2020 च्या आवृत्तीने ते तीन प्रश्न काढलेत. कामांच्या बोर्डावर शेवटच्या, 'पूर्ण'च्या बाजूच्या रकान्यापासून मागे येत बोललं की 15 मिनिटं पुरतात.

कोअर बँकिंगशी जोडणी हा खरा अडसर आहे आणि स्क्रमने तो सुटत नाही. बाहेरच्या कंपनीचं वेळापत्रक आपल्या स्प्रिंटला बांधलेलं नसतं. त्यामुळे टेस्ट सर्व्हरवर इंटरफेस हाती आल्याशिवाय ते काम स्प्रिंटमध्ये घेत नाही. तरी काही कामं महिनोन्‌महिने रखडलीत.

कधी सुरू करावं? मार्चच्या तोंडावर अजिबात नको. त्यानंतर ऑडिट, मग 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा. ती आटोपली की ऑक्टोबरमध्ये लोकांना श्वास घ्यायला वेळ असतो आणि मार्चआधी पाच महिने सवय लावायला मिळतात. मार्चमध्ये आम्ही स्प्रिंट थांबवून साधा कानबान बोर्ड (ठरावीक टप्प्यांशिवाय एकेक काम पुढे सरकवायचा फळा) लावला: शाखांच्या तक्रारी येतील तशा, एकाच्या हातात एका वेळी दोनच कामं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मॅडमनी बॅकलॉग पुन्हा उघडला. सध्या नूतनीकरणाचं काम चालू आहे.