कौलांवरचा पाऊस आणि चौघींचे चार अल्बम

आंब्याची शेवटची पेटी गेली की आमच्याकडे आठ-दहा दिवस असे येतात की हाताला कामच नसतं, आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरून झालेली असते, लाकडं मांगरात गेलेली असतात, आणि पाऊस नुसता येतो येतो करत असतो. यावर्षी त्या दिवसांत आणि मग पुढे अख्खा जून मी गाणी ऐकली. भाचीने पुण्याहून यादी पाठवलेली, गेल्या वर्ष-दोन वर्षांत आलेले अल्बम, सगळ्या बायका, सगळ्या स्वतः लिहून स्वतः गाणाऱ्या आणि युनिव्हर्सल, सोनी, वॉर्नर या तीन मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून काम करणाऱ्या. भाची स्वतः गाणी लिहिते, युकुलेले वाजवते, म्हणाली आत्या तुला यातलं काय आवडतं ते खरं खरं सांग. यादी मोठी होती, त्यातले चार माझ्याकडे राहिले, त्या चारांबद्दल लिहितेय.

आधी ऐकलं कुठे ते सांगते, कारण त्याने फरक पडतो. आमचं घर देवगड तालुक्यात, समुद्र चालत दहा मिनिटांवर, वर मंगलोरी कौलं. पाऊस जोरात लागला की माजघरात बोललेलं पडवीत ऐकू येत नाही, आणि खळ्यात पागोळ्या पडायला लागल्या की त्यांचा एक वेगळाच आवाज सुरू होतो. हेडफोन आहेत माझ्याकडे पण जास्त वेळ घातले की कान दुखतात, म्हणून बराचसा वेळ छोट्या ब्लूटूथ स्पीकरवरच ऐकलं, लाईट गेली तरी तो चार तास चालतो. या पावसातून जो आवाज माझ्यापर्यंत आला तो खरा, असं मी ठरवून टाकलं. ही परीक्षा सगळ्यांना लागू पडेल असं नाही, जेसिका प्रॅटच्या बाबतीत तर ती अन्यायच झाली, त्यावर पुढे येते.

पहिला अल्बम एड्रियन लेंकरचा ब्राइट फ्युचर. ही बिग थीफ नावाच्या बँडची गायिका, पण हा अल्बम तिचा एकटीचा, २२ मार्च २०२४ला आला, १२ गाणी, फोर एडी नावाच्या जुन्या ब्रिटिश इंडी लेबलवर, म्हणजे त्या मोठ्या तिघांबाहेरच्या कंपनीकडून. जंगलातल्या एका स्टुडिओत २०२२च्या शरदात ही सगळी मंडळी जाऊन राहिली आणि रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत टेपवर केलं, मध्ये कॉम्प्युटर नाही. टेप म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर आमच्या कपाटातल्या कॅसेटी येतात, त्यांना पावसाळ्यात पांढरी बुरशी यायची आणि आम्ही पेन्सिल घालून रीळ फिरवून फिरवून कापसाने पुसायचो, ती टेप आणि ही टेप यात जमीन-अस्मानाचा फरक असेल पण आवाजातली ऊब तीच आहे. खुर्ची करकरते, कुणीतरी श्वास घेतं, एखादा सूर जरा बाजूला पडतो, ते सगळं तसंच ठेवलंय.

आता अडचण. पहिलंच गाणं रिअल हाउस हे सहा मिनिटांचं आहे, नुसता पियानो आणि तिचा आवाज, ठेका नाही, धृपद नाही, आणि ज्याला सवय नाही तो दुसऱ्या मिनिटाला बंद करणार. मी पण केलं होतं बंद, पहिल्या दिवशी. चौथ्या दिवशी शब्द नीट वाचत ऐकलं. ती आईशी बोलतेय त्यात, लहानपणच्या गोष्टी सांगतेय, आणि शेवटी असं येतं की घरातला कुत्रा गेला तेव्हा तिने आईला रडताना पहिल्यांदा बघितलं. आमचा काळू गेला तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत बसली होती, पाणी बंद करून कितीतरी वेळ तशीच बसली होती, मी तेव्हा सहावीत असेन, आणि हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटतं हे गाणं पहिलं ठेवलं ते बरोबरच आहे, पण नवीन माणसाने सॅडनेस ॲज अ गिफ्टपासून सुरुवात करावी, त्यात व्हायोलिन आहे, चाल लगेच धरता येते, मग परत मागे यावं. डोनट सीम नावाचं एक गाणं आहे, नाव बघून मला काही कळेना, मग मोठ्याने म्हटल्यावर लक्षात आलं की हा 'असं नाही का वाटत' या इंग्रजी बोलीतल्या शब्दांवरचा खेळ आहे. त्यात जग मरत चाललंय आणि पाणी संपायच्या आधी पोहून घेऊ या असं काहीतरी ती इतक्या हळू म्हणते की दुःख आहे का आनंद तेच ठरवता येत नाही. व्हॅम्पायर एम्पायर मात्र मला तिच्या बँडचंच जास्त आवडलं, ते त्यांनी २०२३मध्ये काढलं होतं, इथलं जरा घाईत उरकल्यासारखं वाटतं.

हा अल्बम चालू असताना आई आत आली, वाटाणे सोलायला बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "कोण गो ही? दमलेली दिसता." मी म्हटलं अमेरिकेतली आहे, गाणी स्वतःच करते. मग दोन गाणी गप्प ऐकली आणि म्हणाली, "असो आवाज माझ्या आवशीचो होतो. जात्यार." आता माझी आजी काही गायिका नव्हती, पण पहाटे जात्यावर बसली की पहिली माझी ओवी म्हणून सुरू करायची आणि मग पुढच्या ओव्या तिच्या तीच जुळवायची, भाऊ, माहेर, वाटेतली नदी, पुन्हा भाऊ. मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं की याला पण गाणं लिहिणं म्हणतात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्या आता पारी या ग्रामीण भारताच्या ऑनलाइन संग्रहाच्या वेबसाइटवर गाणाऱ्या बाईच्या नावासकट ऐकायला मिळतात, नक्की ऐका. त्या दिवसापासून मी आईकडून आजीच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करायला लागलेय, सात झाल्यात, एकीत मध्येच मांजर ओरडलंय, ते मी काढलेलं नाही.

दुसरा अल्बम वुडलंड, गिलियन वेल्च आणि तिचा जोडीदार डेव्हिड रॉलिंग्ज या दोघांचा. २३ ऑगस्ट २०२४, १० गाणी, आणि लेबल त्यांचं स्वतःचंच, ॲकोनी. म्हणजे गाणी यांची, स्टुडिओ यांचा, कंपनी यांची. अशी स्वतःची कंपनी काढून बसणाऱ्या बाया तिकडे बऱ्याच आधीपासून आहेत, आनी डिफ्रँको या गायिकेने १९९०मध्ये अगदी कोवळ्या वयात आपली रायटियस बेब ही कंपनी काढली होती, पण स्वतःचं सगळं असणं म्हणजे स्वतःचं छप्पर उडालं तर तेही आपणच बघायचं. ३ मार्च २०२०ला मध्यरात्रीनंतर अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये टॉर्नेडो आला आणि यांच्या वुडलंड स्टुडिओचं छप्पर गेलं. वरून पाऊस, अंधार, आणि हे दोघं आत जाऊन इतक्या वर्षांच्या मूळ टेप आणि गिटारी एकेक करून कोरड्या जागी हलवत होते. मग ती जागा परत उभी केली आणि तिचंच नाव अल्बमला दिलं.

हे वाचलं आणि मी थांबलेच. १६ मे २०२१ला तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या पाठच्या बाजूची कौलं गेली, दोन हापूस मुळासकट आडवे झाले, आणि आम्ही सगळे वाशांकडे बघत उभे असताना आई एकटी ती जुनी पत्र्याची ट्रंक ओढत ओढत देवघराकडे नेत होती. सातबारा, लग्नाचे फोटो आणि आजोबांचं एक पत्र, बस. तांदळाची गोणी भिजली, ट्रंक भिजली नाही. त्यामुळे या अल्बमकडे मी तटस्थपणे बघू शकत नाही, ते आधीच सांगून टाकते.

तरी पण गाणी खरोखर चांगली आहेत हो. एम्प्टी ट्रेनलोड ऑफ स्काय पहिलं, त्यात नदीवरच्या उंच पुलावरून मालगाडी चाललीय आणि एका रिकाम्या डब्यातून आरपार आकाश दिसतंय, एवढंच चित्र. ज्यांनी पानवल नदीवरच्या त्या ६४ मीटर उंच पुलावरून कोकण रेल्वेची मालगाडी जाताना खालून बघितलीय त्यांना हे गाणं समजावून सांगायला नको. दोघांचे आवाज असे बसलेत की कुणाचा सूर कुठे संपला ते शोधायला मी स्पीकरला कान लावला. हॅशटॅग हे गाणं रॉलिंग्ज गातो, गाय क्लार्क या त्यांच्या थोरल्या गायकमित्रावर आहे, तो २०१६मध्ये गेला, आणि त्यात म्हटलंय की आपल्यासारख्या गायकांची बातमी होते ती मेल्यावरच. आमच्याकडे दशावतारात आयुष्यभर राजा करणारी माणसं असतात, रात्र रात्र जागून गावोगाव नाटक करतात, आणि त्यांचा फोटो पेपरात पहिल्यांदा येतो तो श्रद्धांजलीचा. ते गाणं मी रोज एकदा तरी लावते.

खटकलं ते सांगते. काही गाण्यांत मागे व्हायोलिनांचा ताफा आणि बाकी वाद्यं जरा जास्त झालीत, या दोघांना दोन गिटारींच्या पलीकडे काही लागत नाही हे त्यांनाच कुणीतरी सांगायला पाहिजे. शेवटचं हाउडी हाउडी ऐका म्हणजे कळेल, बँजो आणि दोघं, पुरेसं आहे. २०२५मध्ये या अल्बमला फोकचं ग्रॅमी मिळालं, ते योग्यच झालं. पावसाच्या परीक्षेत हाच पहिला आला, कारण यात आवाज पुढे आहे आणि शब्द तोंडातल्या तोंडात विरत नाहीत.

जेसिका प्रॅटचा हिअर इन द पिच तिसरा. हा कौलाखाली ऐकायचाच नाही. मी ऐकला आणि पाऊस जिंकला, ती एवढीशी कुजबुजल्यासारखी गाते, लहान मुलगी का म्हातारी बाई ते ओळखू येऊ नये असा तो आवाज. मग दादरला जाताना तुतारी एक्सप्रेसमध्ये रात्री हेडफोन लावून ऐकला, फोनवर उतरवून घेतला होता कारण आमच्या मार्गावर नेटवर्कचा भरवसा धरायचा नाही. नऊ गाणी, फक्त २७ मिनिटं. करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागला तेव्हा गाडीचा आवाज भिंतींवर आपटून परत यायला लागला, गाणं पूर्ण बुडालं, आणि बाहेर आल्यावर ती परत ऐकू आली तर जणू ती मधल्या वेळात पण गातच होती, माझ्यासाठी थांबली नव्हती. ३ मे २०२४चा हा अल्बम, मेक्सिकन समर लेबल, याआधीचा तिचा २०१९मधला. म्हणजे पाच वर्षांनी २७ मिनिटं. कुणाला कमी वाटेल, मला एकही मिनिट फुकटचं सापडलं नाही. आधी ती बहुतेक नुसत्या गिटारवर गायची, यावेळी लाइफ इज या पहिल्याच गाण्यात ढोल-ताशे घेऊन आल्यासारखी येते, माउरो रेफोस्को नावाचा ब्राझीलचा तालवादक आहे सोबत, आणि जुन्या काळच्या रेडिओवरची गाणी कशी दूरच्या खोलीतून आल्यासारखी वाटायची तसा सगळा आवाज ठेवलाय. एकच तक्रार, शब्द कळत नाहीत, वाचूनच घ्यावे लागतात.

वॅक्सहॅचीचा टायगर्स ब्लड तसा सगळ्यात सोपा, म्हणून कमी लिहितेय, वाईट आहे म्हणून नाही. केटी क्रचफिल्ड अलाबामाची, लहानपणी घराजवळ वॅक्सहॅची नावाचा वहाळ होता त्याचंच नाव गायिका म्हणून स्वतःला घेतलं. ही गोष्ट मला फार आवडली, आपल्याकडे गावाचं नाव आडनावात येतं पण वहाळाचं नाव कुणी लावत नाही. हा पण २२ मार्च २०२४लाच आला, लेंकरच्याच दिवशी, ऐन आंबा सुरू व्हायच्या दिवसात. राइट बॅक टू इट हे गाणं एमजे लेंडरमन या गायकाबरोबर आहे, बँजो वाजतोय, आणि सागरी महामार्गावरून मालवणकडे जाताना दोनदा लावलं तरी कंटाळा येत नाही. १२ गाणी एकसारख्या चालीची वाटतात, सलग बसून ऐकू नका, काम करता करता ऐका.

भाचीच्या यादीत मालीचं, म्हणजे मालविका मनोज या गायिकेचं, एक गाणं पण होतं, मँगो शॉवर्स, म्हणजे पावसाळ्याआधी आंब्याच्या दिवसांत येणाऱ्या सरी. अल्बम नाही म्हणून इथे धरलं नाही, पण नाव वाचून काळजात धस्स झालं. कॅलेंडरवाल्यांना तो गोड पाऊस वाटतो, आमच्याकडे एप्रिलात आभाळ भरून आलं की फळावर डाग पडणार म्हणून अख्खी वाडी वर बघत बसते.

विकत घ्यायचं म्हणाल तर लेंकर आणि प्रॅट मी बँडकॅम्पवर, म्हणजे कलाकारांची गाणी थेट विकत घ्यायच्या वेबसाइटवर, घेतले. स्ट्रीमिंगवर चारही ऐकता येतात, पण बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के स्वतः ठेवतं, आणि बँडकॅम्प फ्रायडे म्हणून जे ठरावीक शुक्रवार मार्च २०२०पासून सुरू केलेत त्या दिवशी आपला हिस्सा सोडतं, म्हणून तो शुक्रवार बघून घ्या. माझं कार्ड परदेशी व्यवहाराला दोनदा अडकलं, बँकेत फोन केला तर तीन जणांनी तीन वेगळी कारणं सांगितली, शेवटी भाचीच्या कार्डावरून घेतले आणि तिला पैसे पाठवले. एकदा घेतलं की फाइल आपली, रेंज गेली तरी वाजते, आणि इकडे जून ते सप्टेंबर याला किंमत आहे.

भाचीला मी कळवलंय की आधी वुडलंड ऐक, मग लेंकर, प्रॅट रात्री दिवा मालवून, आणि स्वतःचं गाणं रेकॉर्ड करशील तेव्हा खोलीतला पंखा बंद कर पण खिडकी बंद करू नकोस. चतुर्थीला ती येतेय, आजीच्या ओव्या तेव्हा लावणार आहे तिच्यासमोर, आई म्हणतेय तोपर्यंत अजून दोन-तीन आठवतील.