फोनच्या कॅमेऱ्यातला कोड स्कॅनर : आठ महिने वापरल्यानंतर

क्यूआर कोड, म्हणजे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो चौकोनी कोड, वाचायला वेगळं ॲप ठेवणं मी आठ महिन्यांपूर्वी बंद केलं. जुन्या ॲपमध्ये कोड दिसण्याआधी पूर्ण स्क्रीनभर जाहिरात यायची आणि ती बंद करायची फुली शोधेपर्यंत हात अवघडून जायचा. नव्या फोनच्या कॅमेऱ्यातच ही सोय होती. तेव्हापासून दिवसातून चार-पाच वेळा तरी कॅमेरा कोणत्या ना कोणत्या कोडसमोर धरतोय. माझं काम ॲपचे स्क्रीन आखण्याचं आहे, त्यामुळे काय कधी दिसतं आणि बोट कुठे जातं याकडे लक्ष जातंच.

वेगाबद्दल तक्रार नाही. फोन तिरका धरा, उलटा धरा, कोड सापडतो. त्याचं श्रेय कॅमेऱ्याइतकंच कोडच्या रचनेलाही आहे. तीन कोपऱ्यांतल्या मोठ्या चौकोनांच्या मधून कुठल्याही दिशेने रेघ ओढली, तरी काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं प्रमाण 1:1:3:1:1 असंच येतं. छापील मजकुरात हे प्रमाण फार क्वचित आढळतं म्हणून ते निवडलं गेलं. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये हा कोड तयार केला, तो वाहनांच्या सुट्या भागांवर लक्ष ठेवण्यासाठी. तिथे कोड छापणारे आणि तो वाचणारे एकाच कामातले होते. ‘आत काय आहे, उघडू का?’ असं विचारायची गरज कुणालाच नव्हती.

आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्यासमोरचा कोड कुणीही छापलेला असू शकतो आणि माणसाच्या डोळ्याला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही. आत काय लिहिलंय हे सांगू शकणारा आपल्याजवळ एकच असतो, तो म्हणजे कॅमेरा. म्हणून कोड किती झटकन वाचला यापेक्षा वाचलेलं मला किती नीट सांगितलं, यावरच मी या सोयीला मार्क देतो.

सुरुवातीचे तीन-चार महिने इथेच त्रास झाला. कोड सापडला की त्याच्याभोवती पिवळी चौकट येते आणि लिंक दाखवणारी एक छोटी पट्टी उमटते. तेव्हा ही पट्टी कोडलाच चिकटलेली असायची. हात थोडा हलला की पट्टीही सरकायची. एका हातात फोन, दुसऱ्या हातात सामान, अंगठा पट्टीकडे न्यायला जावं तर त्या हालचालीनेच फोन कलंडायचा, कोड चौकटीबाहेर जायचा आणि पट्टी गायब. अंगठा टेकायचा तो मोकळ्या जागेवर, आणि कॅमेऱ्याला वाटायचं मी तिथे फोकस करायला सांगतोय. हे रोज व्हायचं. चौथ्या महिन्यातल्या अपडेटनंतर पट्टी खाली, फोटोच्या बटणाच्या जरा वर येऊन बसली. आता कोड नजरेआड झाला तरी ती काही सेकंद टिकते. फोन खाली घ्यायचा, सावकाश वाचायचं, मग दाबायचं. एवढ्याशा बदलाने वापरायचा सगळा अनुभवच पालटला.

दुसरा त्रास मात्र मनाला लागला. एका सूचनाफलकावरच्या मूळ कोडवर कुणीतरी दुसऱ्या कोडचं स्टिकर डकवलं होतं. त्याचा एक कोपरा उचकटलेला होता, पण ते मला नंतर दिसलं. पट्टीवर पत्त्याची सुरुवात ओळखीची होती, पुढे तीन टिंबं. मी दाबलं. उघडलेलं पान हुबेहूब होतं आणि पहिल्याच रकान्यात कार्डाचा क्रमांक मागत होतं. ती घाई खटकली म्हणून थांबलो आणि वरचा पूर्ण पत्ता उघडून पाहिला. ओळखीचं नाव फक्त पुढे जोडलेलं होतं. वेबसाइट कुणाची हे सांगणारा भाग, म्हणजे ‘डॉट कॉम’च्या लगेच आधीचं नाव, भलतंच होतं. पट्टीने नेमका तोच भाग कापला होता. पत्ता लांब असेल तर कुठेतरी कापावा लागणार हे मान्य, पण शेवटून कापणं म्हणजे खरं नाव झाकून तोतयाला पुढे करणं. मी कंपनीला सविस्तर कळवलं, उत्तर आलं नाही. सहाव्या महिन्यात मात्र मुख्य नाव ठळक आणि बाकीचा पत्ता फिकट दिसू लागला. माझ्या लिहिण्याने झालं की आपोआप, कोण जाणे, पण बदल अगदी योग्य आहे.

छोट्या केलेल्या लिंकचं दुखणं तसंच आहे. तिथे पट्टीवर लिंक छोटी करणाऱ्या सेवेचं नाव दिसतं, शेवटी कुठे पोचणार ते नाही. अशा वेळी ‘हा पत्ता पुढे दुसरीकडे नेऊ शकतो’ एवढी एक ओळ तरी हवी.

पट्टीचं हे पुराण मी उगाच लावत नाही. 2012 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं होतं की काही फोन एक विशिष्ट क्रमांक डायल होताच सगळी माहिती पुसून टाकत, आणि तो क्रमांक कोडमध्ये भरून ठेवता येत होता. स्कॅनरने न विचारता डायल केलं की खेळ खलास. 2017 मध्ये आयओएस 11 बरोबर आयफोनच्या कॅमेऱ्यात कोड वाचायची सोय आली. पुढच्याच वर्षी तिच्यात एक चूक सापडली : खास रीतीने लिहिलेल्या पत्त्याच्या बाबतीत सूचनेत एका वेबसाइटचं नाव दिसे आणि उघडे दुसरीच. दाखवणारा भाग आणि उघडणारा भाग तोच पत्ता वेगवेगळ्या रीतीने वाचत होते. ती चूक दुरुस्त झाली, पण स्क्रीन आखणाऱ्या प्रत्येकाने ती लक्षात ठेवावी अशी आहे.

वायफायचा कोड वाचणं मला या कॅमेऱ्यात सर्वांत आवडतं. कोडमध्ये नेटवर्कचं नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड असा साधा मजकूर असतो. कॅमेरा त्यातलं फक्त नाव दाखवतो, ‘जोडायचं का?’ विचारतो आणि पासवर्ड स्क्रीनवर आणतच नाही. संपर्काचा कोडही छान हाताळतो, आधी नाव आणि क्रमांक दाखवतो, मग जतन करायचं का विचारतो. अडचण येते ती असा कोड व्हिजिटिंग कार्डावर बारीक छापलेला असेल तेव्हा. मजकूर वाढला की कोडमधले ठिपके वाढतात. सर्वांत लहान कोड 21 बाय 21 घरांचा, सर्वांत मोठा 177 बाय 177 घरांचा. दाट कोडसाठी फोन जवळ नेला की कॅमेरा मध्येच दुसऱ्या लेन्सवर जातो, चित्र उडी मारतं आणि सगळं धूसर होतं. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे फोन लांबच ठेवून दोन पट झूम करायचं. पण हे कॅमेऱ्याने स्वतःच करायला हवं.

फाटक्या-मळक्या कोडवर तो चांगलं काम करतो. कोड बनवतानाच दुरुस्तीची सर्वांत वरची पातळी निवडली असेल, तर सुमारे 30 टक्के भाग खराब होऊनही मजकूर मिळतो. कोडभोवतीचा पांढरा समास छापणाऱ्याने खाऊन टाकला असेल तर मात्र अडतो, आणि तो दोष कॅमेऱ्याचा नाही. अंधारात टॉर्चचं बटण आपोआप पुढे येतं. शेजारी-शेजारी दोन कोड असले की दोन्हींवर ठिपका येतो आणि निवड माझ्यावर सोडली जाते. आधी तो मनानेच एक उचलायचा.

बाबांच्या फोनमध्येही मी हेच सुरू करून दिलं. त्यांची नजर अधू झाली आहे. कोड सापडला की फोन हलकेच थरथरतो, त्याचा त्यांना फार आधार वाटतो. पण पट्टीवरची अक्षरं मी फोनभर मोठी केली तरी मोठी होत नाहीत. बाकी सगळीकडे होतात, फक्त इथे नाही. परवा फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘हे ठळक काय लिहिलंय ते वाच रे, मग मी दाबतो.’ त्यांना ते स्वतःला वाचता यावं एवढं पुढच्या अपडेटमध्ये झालं, तर राहिलेला एक तारा मी लगेच देईन. तोवर पाचपैकी चार.