नकली हीटरने माशांची टाकी तापवली, पाण्यात करंट उतरला आणि सगळीकडे एकच उत्तर, ‘माशांचंच ना?’

आधी हिशेब मांडते, म्हणजे ‘किरकोळ गोष्ट आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळेल. हीटर ₹२,४५०. ‘वॉरंटी रजिस्ट्रेशन’ ₹३००. ६ डिस्कस मासे, प्रत्येकी ₹१,६५० प्रमाणे ₹९,९००. १२ कार्डिनल टेट्रा, प्रत्येकी ₹९० प्रमाणे ₹१,०८०. नंतर इलेक्ट्रिशियनचे ₹४००. एकूण ₹१४,१३०. आणि माझ्या हाताला बसलेला विजेचा झटका, जो माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला बसू शकला असता, त्याची किंमत या हिशेबात धरलेली नाही.

आम्ही नाशिकला राहतो. इथली डिसेंबरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना हीटर का लागतो हे सांगायला नको. डिस्कसला पाणी २८ ते ३० अंश लागतं. रात्री पारा उतरला की आधी व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) येतो आणि मग एकेक मासा जातो. (गोल्डफिश पाळणाऱ्यांनो, तुम्हाला हीटर लागत नाही. तो थंड पाण्याचा मासा आहे. तरी दुकानदार बिनदिक्कत गळ्यात मारतात.)

हीटर घेतला तो आमच्या नेहमीच्या दुकानातून. तीन वर्षं माशांचं खाणं, फिल्टरचा स्पंज, औषधं, सगळं त्याच्याकडूनच घेत होते. तो ‘ताई, ताई’ करत बोलायचा, चहा मागवायचा. ‘चायना माल घेऊ नका ताई, फुटतो. हा जर्मन आहे, ३०० वॉटचा, तुमच्या तीन फुटी टाकीला बरोबर.’ बॉक्स चकचकीत, होलोग्राम लावलेला, कोपऱ्यात सीई लिहिलेलं. ही सीईची खूण आपल्या सरकारची नाही. ती युरोपातली आहे आणि बहुतेक वस्तूंवर कंपनी स्वतःच घोषित करून लावते. नकली बॉक्सवर ती छापायला कुणाची परवानगी लागते? आयएसआयची खूण असेल तर निदान तिच्याजवळचा लायसन्स नंबर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. सीई बघून भाळू नका.

त्या बॉक्सवर आयातदाराचं नाव नव्हतं, पत्ता नव्हता, तक्रारीसाठी फोन नंबर नव्हता. एमआरपीचं स्टिकर वरून चिकटवलेलं होतं. वैधमापनशास्त्राचे, म्हणजे वजनमापांच्या खात्याचे, २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियम सांगतात की आयात केलेल्या मालावर हे सगळं छापलेलं असलंच पाहिजे. ते नसेल तर बॉक्स काउंटरवर तसाच ठेवून बाहेर पडा. बिल मागितलं तर त्याने साध्या पॅडवर ‘अ‍ॅक्वेरियम साहित्य’ असं लिहून दिलं, जीएसटी नंबर नाही. वॉरंटीचं कार्ड मात्र रंगीत, त्यावर दुकानाचा शिक्का आणि ‘२ वर्षे रिप्लेसमेंट’. वॉरंटी नोंदवायला वेगळे पैसे मागणारा माणूस फसवतच असतो, हे मी आता सगळ्यांना सांगते. खऱ्या कंपनीची वॉरंटी वस्तूच्या किमतीतच असते.

आता ती संध्याकाळ. ती डोक्यातून जात नाही.

हीटर आधी नीट चालला. लाल दिवा लागायचा, पाणी २८ वर आलं की विझायचा. त्या संध्याकाळी काचेवरच्या थर्मामीटरच्या पट्टीवर ३१ चा आकडा उजळलेला दिसला आणि दिवा चालूच. मी हीटरचं बटण फिरवून २४ वर आणलं. २४ वर आणल्यावर दिवा विझायलाच हवा. तो विझला नाही. मी बटण पुन्हा पुढे-मागे फिरवलं. आत ‘टक्’ असा बारीक आवाज व्हायचा, तोही नाही.

मी गप्प बसले नाही. त्याला फोटो पाठवला, लगेच फोन केला. तो काय म्हणाला ते शब्दन् शब्द लिहिते: ‘ताई, नवीन हीटर आहे, कॅलिब्रेशन होतंय, दोन-चार दिवस असंच करतो. बंद अजिबात करू नका. आज रात्री थंडी किती आहे बघा, बंद केलात तर सकाळी सगळे मासे आडवे असतील.’

ज्याचा हा धंदा आहे, ज्याने स्वतः ती वस्तू विकली, तो सांगतोय की बंद केलात तर मासे मरतील. बाहेर हुडहुडी भरवणारी थंडी. अशा वेळी कुणीही हीटर चालूच ठेवेल. आता घरात-नात्यात जो तो म्हणतो, ‘तेव्हाच प्लग काढायचा ना!’ ज्यांना सकाळचा निकाल आधीच ठाऊक आहे त्यांना हे म्हणणं सोपं जातं. दोष त्या ‘बंद करू नका’चा आहे. नवीन हीटरला कॅलिब्रेशनचे, म्हणजे आकडा जुळवून घेण्याचे, दिवस वगैरे काही लागत नाहीत. पाण्याचं तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं आणि दिवा चालू असेल, तर थर्मोस्टॅट (तापमानानुसार हीटर चालू-बंद करणारा भाग) अडकला आहे आणि हीटर त्या मिनिटाला बंद करायचा असतो. विकणाऱ्याला हे माहीत नव्हतं यावर मी विश्वास ठेवणार नाही.

सकाळी पट्टीवर एकही आकडा उजळलेला नव्हता. सगळी पट्टी काळी. मला आधी वाटलं पट्टीच बिघडली. पण ती फक्त ३४ पर्यंतच दाखवते, त्यापुढे काळी पडते. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच ती मुकी. (₹१५०-२०० चा डिजिटल थर्मामीटर घ्या, पट्टीवर राहू नका.) नंतर दुसऱ्या थर्मामीटरने मोजलं तेव्हा पाणी ३७ होतं. सहाही डिस्कस तळाशी, रंग उडून पांढुरके पडलेले, कल्ले उघडे. टेट्रा वर तरंगत होते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि नेमका त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. मासे तडफडून मेले असणार.

मी जाळी आत घातली. तिची दांडी स्टीलची होती. कोपरापर्यंत सणक गेली, जाळी हातातून उडाली. माझा मुलगा शेजारीच उभा होता, मेलेल्या माशाला हात लावायला पुढे झुकलेला. मी त्याला ढकलून मागे केलं आणि प्लग उपटला.

इलेक्ट्रिशियनने हीटर उघडला तेव्हा मी समोर बसले होते. चांगल्या हीटरच्या काचेच्या नळीत तारेच्या वेटोळ्याभोवती बारीक वाळू भरलेली असते, म्हणजे उष्णता सारखी पसरते. यात वाळू नव्हती. दोन धातूंची ती पट्टी, जी तापली की वाकून संपर्क तोडते, तिच्या टोकाचे पॉइंट एकमेकांना वितळून चिकटलेले होते. त्याने स्क्रूड्रायव्हरने ते उचकटले तेव्हा सुटले. म्हणून मी बटण २४ वर आणो नाहीतर शून्यावर, आत प्रवाह तुटणारच नव्हता. जास्त तापल्यावर बंद पाडणारी दुसरी कुठलीही सोय नाही. वरचं रबरी बूच सैल, नळीच्या आत पाण्याचे थेंब. तिथूनच करंट पाण्यात उतरला. प्लग दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंगचा प्रश्नच नाही.

‘पण एमसीबी पडला कसा नाही?’ हे मीही विचारलं. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा बोर्डावरचा स्विच, वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसाचा जीव जायला मिलीअँपिअरमध्ये मोजण्याइतका थोडा करंटही पुरतो, तेवढ्याने एमसीबी हलतसुद्धा नाही. त्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लागतो, म्हणजे करंट गळू लागला की लगेच वीज तोडणारा स्विच. आमच्या जुन्या सोसायटीत तो नव्हता. टाकी असेल त्या घरात तो बसवाच. आणि वायर प्लगपर्यंत सरळ खाली उतरू देऊ नका, प्लगच्या खाली एक झोळ राहू द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली गळेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. टाकीत हात घालण्याआधी हीटरचा प्लग काढायचा. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

दुकानात गेले तर तो आधी म्हणाला, ‘व्होल्टेज वाढलं असेल.’ मग म्हणाला, ‘तुम्ही हीटर पाण्याबाहेर चालू ठेवला असेल.’ (गरम हीटर पाण्याबाहेर आला की काच तडकते हे खरं आहे. पाणी बदलण्याआधी १५-२० मिनिटं तो बंद ठेवावा लागतो, आणि मी तो ठेवते. शिवाय इथे काच तडकलेलीच नव्हती.) वॉरंटी कार्ड दाखवल्यावर ‘जुना हीटर आणून द्या, बघतो’. माझ्या भावाने वेगळा गिऱ्हाईक म्हणून जाऊन तेच हीटर पाहायला मागितले. समोर ठेवलेल्या सगळ्या बॉक्सवर एकच सीरियल नंबर, माझ्या बॉक्सवर होता तोच! मूळ कंपनीच्या इथल्या आयातदाराला ईमेल केली. उत्तर आलं की हा नंबर त्यांचा नाही आणि अशा प्लगचा हीटर ते विकतच नाहीत.

एवढा पुरावा हातात घेऊन मी पोलीस चौकीत गेले. ‘मॅडम, मासे मेले म्हणून काय गुन्हा नोंदवायचा? ग्राहक मंचात जा.’ मी म्हटलं, मुलगा मेला असता तर? ‘झालं नाही ना तसं काही.’ नकली माल विकणं हा गुन्हा आहे, दुकानात अजून बॉक्स मांडलेले आहेत, तुम्ही माणूस पाठवा, असं सांगून पाहिलं. साहेब बाहेर आहेत, नंतर या. एका सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी पक्कं बिल मागितलं. पक्कं बिल तो देत नाही हीच तर तक्रार आहे! पुढे मेसेज आला की समोरच्या पक्षाचा प्रतिसाद नसल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. म्हणजे फसवणाऱ्याने फोन उचलला नाही की प्रकरण मिटलं. वजनमापांच्या कार्यालयात गेले, तर बॉक्स उघडलेला आहे, सीलबंद आणा. सीलबंद आणायचा तर त्याच माणसाला आणखी ₹२,४५० द्यायचे का? विजेच्या कार्यालयात सांगितलं की मीटरच्या पुढचं आमचं नाही. प्रत्येक टेबलावर तेच वाक्य, ‘माशांचंच ना?’ टेबलामागच्या एकानेही हे ऐकून घेतलं नाही की २३० व्होल्टची वस्तू पाण्यात बुडवून घराच्या हॉलमध्ये ठेवायला विकली जाते आणि ती तपासणारा कुणी नाही.

अमेरिकेत २०११ साली मरीनलँडचे सुमारे १२ लाख हीटर परत मागवले गेले. ते जास्त तापून फुटत होते आणि आगीचा, काच लागण्याचा धोका होता. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने ते जाहीर केलं. तेही माशांचेच हीटर होते.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत २ वर्षांची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूने झालेल्या नुकसानीची जबाबदारी विक्रेत्यावरही येऊ शकते. कच्चं बिल असलं तरी यूपीआयचा पुरावा, व्हॉट्सॲपचे मेसेज, फोटो, सगळं जोडा. चॅट डिलीट करू नका. आणि फोनवर बोललात तर लगेच ‘आता तुम्ही असं सांगितलंत’ म्हणून मेसेज टाका, मी तसं केलं होतं म्हणून त्याचं ‘कॅलिब्रेशन’ आज माझ्याकडे लेखी आहे, खाली त्याने टाकलेला अंगठ्याचा इमोजी आहे.

नवीन टाकीला आता मी १०० वॉटचे दोन हीटर घेतलेत, दोन टोकांना. एक अडकला तरी त्याच्यात अख्खी टाकी ३७ वर नेण्याची ताकद नाही, एक बंद पडला तरी दुसरा मासे जगवतो. दोन्ही बाहेरच्या डिजिटल कंट्रोलरवर आहेत. कंट्रोलर २८ वर लावायचा, हीटरची बटणं ३० वर. म्हणजे हीटरचा संपर्क चिकटला तर कंट्रोलर वीज तोडतो, कंट्रोलरचा चिकटला तर हीटर. कंट्रोलरचा सेन्सर पाण्यातून बाहेर निसटणार नाही असा पक्का बसवा, नाहीतर तो हवेचं तापमान मोजेल आणि हीटर चालूच ठेवेल.

दुकानदाराचे अजून मेसेज येतात. ‘ताई, जुना हीटर द्या, नवीन देतो, वर ₹५०० चं खाणं फ्री.’ त्याला तो हीटर का हवा आहे हे तुम्हालाही कळत असेल. तुमच्याकडे असा हीटर असेल तर फेकू नका, बदलून घेऊ नका, बॉक्स, कार्ड आणि प्लगसकट पिशवीत बांधून ठेवा.